नॉक्स वाटेवरची शिळा: साफसफाई आणि माहितीपत्रक, कामाच्या नोंदी

काम: मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरच्या पूर्वेला, जुन्या बॉस्टन पोस्ट रोडच्या कडेला 1927 ची एक स्मृतिशिळा आहे. ती स्वच्छ करायची, तिच्या स्थितीची नोंद ठेवायची आणि आमच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांसाठी तिच्याबद्दल मराठीत माहितीपत्रक करायचं. दगडाचं काम कडक थंडी पडायच्या आत संपायला हवं. या हिवाळ्यात, हेन्री नॉक्सने बॉस्टनच्या वेढ्यासाठी तोफा आणल्या त्याला 250 वर्षं पूर्ण होतात, तेव्हा लोक थांबून वाचतील. त्यांना अक्षरं दिसली पाहिजेत.

6 सप्टेंबर 2025, शनिवार

पहिली रीतसर पाहणी. ग्रॅनाइटचा उभा दगड, दर्शनी बाजूला ब्राँझचा फलक. वर उठावचित्र आहे, बैल तोफ ओढताहेत. खाली मजकूर. त्याचा आशय असा: 1775-76 च्या हिवाळ्यात जनरल हेन्री नॉक्स फोर्ट टिकोंडरोगाचा तोफखाना घेऊन या ठिकाणाहून गेले, तो त्यांनी केंब्रिजला जनरल जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हवाली केला, आणि त्याच्याच जोरावर ब्रिटिश सैन्याला बॉस्टन सोडायला लावलं. शेवटी राज्याचं नाव आणि साल.

या एकट्या शिळेवर काम करत असलो तरी ती एका रांगेतली आहे. या घटनेला दीडशे वर्षं झाली तेव्हा, 1926-27 मध्ये, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स या दोन राज्यांनी मिळून सगळ्या वाटेवर अशा शिळा बसवल्या: न्यूयॉर्कमध्ये 30, इकडे 26. फलकाची रचना हेन्री जेम्स ऑल्ब्राइट या शिल्पकाराची. पुढे 1970 च्या दशकात किंडरहुक ते आल्फर्ड या टप्प्याबद्दल नवी माहिती हाती आली आणि तिथली वाट दुरुस्त करण्यात आली. आमची शिळा मात्र पोस्ट रोडवरच आहे. 1767 साली प्रांताने याच रस्त्यावर बॉस्टनचं अंतर कोरलेले मैलाचे दगड बसवले होते, त्यातले काही अजून उभे आहेत. तोफा गेल्या तेव्हा ते दगड जेमतेम आठ-नऊ वर्षांचे होते.

स्थिती: उत्तरेच्या अंगाला दगडफुलाचे चट्टे, तळाशी शेवाळ. फलकाखाली ग्रॅनाइटवर हिरवे ओघळ (ब्राँझमधलं तांबं पावसाबरोबर उतरतं त्याचे). रस्त्याकडचा खालचा कोपरा उडालेला, बहुतेक बर्फ ढकलणाऱ्या नांगराचा फटका. पायथ्याशी रेती आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे थर. अक्षरांच्या खोबणीत पांढरट कडक भर. कुणीतरी फार पूर्वी पॉलिश लावून चमकवायचा प्रयत्न केलेला दिसतो, ती पूड तशीच राहिली. 'टिकोंडरोगा'तला सी आणि दोन्ही ओ पार बुजलेत.

संध्याकाळी अंधार पडल्यावर पुन्हा गेलो. टॉर्च फलकाच्या बाजूला, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून धरली. दिवसा सपाट वाटणारं उठावचित्र एकदम उठून आलं: बैलांच्या मानेवरचं जू, पुढे रोवलेले पाय. दस्तऐवजासाठी फोटो असेच तिरक्या उजेडात काढायचे, हे पक्कं.

10 सप्टेंबर, बुधवार

परवानगी. दगड रस्त्याच्या हद्दीत येतो, त्यामुळे गावाच्या इतिहास समितीचं पत्र पुरत नाही, हायवे खात्याचंही लागतं. दोन्हीकडे अर्ज दिले. अर्जासोबत काय वापरणार आणि काय वापरणार नाही, याची यादी जोडली. वापरणार नाही: तारेचा ब्रश, ब्लीच, आम्ल, प्रेशर वॉशर, सँडपेपर, कुठलंही पॉलिश. ही यादी पाहिल्यावर समितीतल्या वयस्क बाईंनी अर्ज लगेच पुढे सरकवला. जुन्या दफनभूमीतल्या शिलालेखांची ब्लीचने लागलेली वाट त्यांनी पाहिली आहे.

14 सप्टेंबर, रविवार

मराठी शाळेत मोठ्या गटाला शिळेचे फोटो दाखवले. ऑगस्टमध्येच पोळ्याचे मातीचे बैल करून झालेत, त्यामुळे पोरांची नजर जनरलवर नाही, बैलांवर गेली.

"काका, किती बैल होते?"

"आणि ते थंडीत काय खात होते?"

"त्यांना परत घरी नेलं का?"

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात कागदपत्रं पाहून सांगतो. हा प्रश्न साधा नाही, आणि माहितीपत्रक याच प्रश्नाभोवती बांधायचं असं वर्गातच मनाशी ठरवलं.

18 सप्टेंबर, गुरुवार

बैलांचा हिशेब. नॉक्सची पत्रं आणि प्रवासातली त्याची छोटी रोजनिशी समोर ठेवून बसलो.

आधी पार्श्वभूमी, पत्रकात जाईल तेवढीच. एप्रिल 1775 मध्ये लढाईला तोंड फुटलं. ब्रिटिश फौज बॉस्टनमध्ये अडकली, भोवती वसाहतींचं सैन्य वेढा घालून बसलं. वेढा होता, पण शहरावर मारा करायला जड तोफा नव्हत्या. त्या होत्या दूर, लेक शँप्लेनच्या काठी, फोर्ट टिकोंडरोगामध्ये. तो किल्ला 10 मे 1775 च्या पहाटे इथन ॲलन आणि बेनेडिक्ट आर्नल्ड यांनी वसाहतींसाठी घेतला होता. 16 नोव्हेंबरला वॉशिंग्टननी हेन्री नॉक्सला लेखी हुकूम दिला: जा, तोफा घेऊन ये. नॉक्स 25 वर्षांचा, बॉस्टनमधला पुस्तकविक्रेता. तोफखान्याचं ज्ञान बरंचसं आपल्याच दुकानातली पुस्तकं वाचून मिळवलेलं. शिकारीच्या अपघातात डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. बायको लुसी, तिचं माहेर राजाच्या बाजूचं, वडील प्रांताच्या सरकारात मोठ्या हुद्द्यावर.

5 डिसेंबरला तो किल्ल्यात पोचला. त्याच्या यादीप्रमाणे निवडलेल्या तोफा एकूण 59: 43 लांब तोफा, 14 उखळी तोफा आणि 2 हॉवित्झर. वजन 1,19,900 पौंड, म्हणजे सुमारे 54 टन. वर शिसं 2,300 पौंड आणि चकमकीच्या गारगोट्यांचं एक पिंप. हे सगळं आधी होड्यांमधून लेक जॉर्जवरून आणलं. सब्बाथ डे पॉइंटजवळ एक तराफा बुडाला, नशिबाने काठाजवळ, म्हणून पुन्हा तरंगवता आला.

आता बैल. 17 डिसेंबरला नॉक्सने वॉशिंग्टनना लिहिलं की, 42 भक्कम स्लेज (बर्फावरून ओढायच्या बिनचाकी गाड्या) करून घेतल्या आहेत, स्प्रिंगफील्डपर्यंत ओढायला 80 बैलजोड्यांची सोय केली आहे, आणि 16-17 दिवसांत एक उमदा तोफखाना आपल्यासमोर हजर करीन अशी आशा आहे. शिळेवरचे बैल आले ते या पत्रातून. चित्रांमध्ये, पाठ्यपुस्तकांत, सगळीकडे हेच 160 बैल.

पण रोजनिशीत 28 डिसेंबरला वेगळीच हकीकत आहे. बैल पुरवणारे पामर आणि न्यूयॉर्कमधले वसाहतींच्या सैन्याचे जनरल फिलिप स्कायलर यांच्यात भाड्यावरून फिसकटलं. पामर दोन बैलजोड्यांचे दिवसाला 24 शिलिंग मागत होते, स्कायलर 18 शिलिंग 9 पेन्सच्या वर जाईनात. बोलणी तिथेच मोडली. दुसऱ्या दिवशी स्कायलरनी आसपासच्या मुलखात माणसं धाडली: घोडे आणि स्लेज घेऊन या, जोडीला दिवसाचे 12 शिलिंग. 31 तारखेला नोंद येते की जवळजवळ 124 घोड्यांच्या जोड्या, स्लेजसकट, तळ्याकडे निघाल्या आहेत.

म्हणजे न्यूयॉर्कच्या बर्फातून तोफा ओढल्या त्या मुख्यतः घोड्यांनी. बैल नंतर येतात. 11 जानेवारीला ब्लँडफर्डच्या डोंगरात पुढची तुकडी अडून बसली: पुढे बर्फ नाही, आणि त्या बिनबर्फाच्या टापूत वेस्टफील्डचा भला मोठा डोंगर ओलांडायचाय, आम्ही येत नाही. नॉक्सने तीन तास त्यांची मनधरणी केली आणि बैलांच्या दोन जोतांचं भाडं ठरवलं, तेव्हा कुठे गाडी हलली.

हे वाचून मला फार समाधान वाटलं. मुलांच्या प्रश्नाला खरं उत्तर आहे, आणि ते चित्रातल्या उत्तरापेक्षा कितीतरी जिवंत आहे. भाड्याची घासाघीस, अडून बसलेले गाडीवान, त्यांना समजावणारा पंचविशीतला पोरगा. स्वातंत्र्याची लढाई रोजच्या रोज अशीच चालते, आणि मुलांनी ती अशी वाचली पाहिजे.

20 सप्टेंबर, शनिवार

दोन्ही परवानग्या आल्या. मागच्या बाजूला, जमिनीलगत, तळहाताएवढ्या जागेवर नमुना साफ करून पाहिला. नुसतं पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश. शेवाळ निघतं, दगडफूल निघत नाही. त्याला जैविक डागांसाठीचं डी-टू नावाचं औषध लागणार.

27 सप्टेंबर, शनिवार

ग्रॅनाइट. हवा छान, 18 अंश. आधी ब्राँझ प्लास्टिकच्या कागदाने झाकून कडा टेपने बंद केल्या, कारण डी-टू दगडासाठी आहे, धातूवर जाता कामा नये. दगड पाण्याने चिंब भिजवला (कोरड्या दगडावर औषध टाकलं तर तो ते आत ओढून घेतो), मग फवारणी, दहा-पंधरा मिनिटं थांबणं, ब्रशने गोल गोल घासणं, खालून वर धुत जाणं. वरून सुरुवात केली की मळकट पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात.

दगडफूल खरवडायचं नाही. मेलेलं दगडफूल पुढच्या काही आठवड्यांत पावसाने आपोआप सुटतं. ओढून काढलं तर दगडाचे कण सोबत घेऊन येतं.

तांब्याच्या हिरव्या ओघळांना हात लावलेला नाही. ते काढायला रसायनाचा लेप द्यावा लागतो आणि ते प्रशिक्षित संवर्धकाचं काम आहे. नोंदपत्रात तसं लिहिलं.

सोबतीला आलेले निवृत्त गवंडी गृहस्थ उडालेल्या कोपऱ्याकडे बराच वेळ पाहत होते. त्यांचं मत: भरायचा नाही, फक्त रस्त्याच्या बाजूला परावर्तक खांब लावून घ्या, म्हणजे नांगरवाल्याला बर्फातही दगड कुठे आहे ते कळेल. इतका साधा उपाय, आणि तो कागदावर कुठेच नव्हता. अर्ज करायचा.

4 ऑक्टोबर, शनिवार

ब्राँझ. आज दिवसभर याच्यावरच.

डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य, आयनरहित साबणाचे थेंब, नैसर्गिक केसांचा ब्रश. हिरवट-तपकिरी पापुद्रा तसाच ठेवायचा. तो ब्राँझचा संरक्षक थर आहे, मळ नव्हे. निघायला हवं ते त्याच्यावर बसलेलं: डिझेलची काजळी, मीठ, पक्ष्यांची घाण.

अक्षरांतल्या पांढऱ्या भरीसाठी बांबूच्या काड्या. धातूचं टोक वापरायचं नाही, चरा उमटतो. भर आधी ओल्या कापसाने मऊ करायची, काडीचं टोक खोबणीत कडेकडेने फिरवायचं, सुटलेली पूड ब्रशने झाडायची, परत कापूस. ओ मोकळा व्हायला सर्वांत वेळ लागतो, कारण आतल्या गोलाला धरायला कड नसते. पूड निघाली तसा तळाचा ओतीव खडबडीतपणा दिसायला लागला, वाळूच्या साच्याचा, 1927 मध्ये भट्टीतून निघाला तसाच. दुपारपर्यंत 'टिकोंडरोगा' रस्त्यापलीकडून वाचता यायला लागलं. तीनच्या सुमाराला उन्हाची तिरीप आली आणि सगळी ओळ लख्ख दिसली. काम थांबवून तिथेच उभे राहिलो.

उठावचित्रातल्या एका बैलाच्या पायाशी भर निघता निघत नव्हती. जोर लावला नाही, तशीच ठेवली. पुढच्या वर्षी पाहू.

5 ऑक्टोबर, रविवार

फलक रात्रभर वाळला. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, अर्धा तास थांबून सुती कापडाने घासणं, मग दुसरा हात. पाणी टाकून पाहिलं, थेंब मोत्यासारखे घरंगळतात. बस, एवढंच हवं होतं. आता या हिवाळ्यातलं मीठ धातूला चिकटणार नाही.

दुपारी एक टो-ट्रक येऊन कडेला थांबला. चालकाला वाटलं आमची गाडी बंद पडली. दगड वाचून त्याने विचारलं ते खास त्याच्या धंद्यातलं: "चढ समजला. पण उतारावर एवढं वजन धरलं कसं?"

उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते नॉक्सच्या कागदांतलं नव्हे. जॉन बेकर नावाचा सुमारे बारा वर्षांचा मुलगा बापाच्या स्लेजसोबत या काफिल्यात होता. म्हातारपणी, 1830 च्या दशकात, त्याच्या आठवणी छापून आल्या. त्यात बर्कशायर डोंगरातल्या उताराचं वर्णन आहे: स्लेजला दोर बांधून तो एका झाडाला वेढायचा, हळूहळू सोडत पुढच्या झाडाला, तिथून त्याच्या पुढच्या. स्लेजच्या धावांखाली साखळ्या आणि लाकडी दांडके घालायचे, म्हणजे ती घसटत राहते, सुसाट सुटत नाही. काही तोफांचं एकेकीचं वजन 5,000 पौंडांच्या वर. दोर तुटला तर पुढचे घोडे आणि माणूस दोघेही गेले.

ट्रकवाला म्हणाला, "आम्ही आजही विंचचा दोर झाडाला असाच वेढतो." मग त्याने उठावचित्राचा फोटो काढला आणि गेला.

9 ऑक्टोबर, गुरुवार

समितीची बैठक. चर्चा 'जनरल' या शब्दावर रंगली. 1775-76 च्या त्या हिवाळ्यात नॉक्स जनरल नव्हता. वसाहतींच्या काँग्रेसने त्याला कर्नल केल्याचा निर्णय तो वाटेवर असताना झाला, जनरलकी मिळाली डिसेंबर 1776 मध्ये. पुढे तो देशाचा पहिला युद्धमंत्री झाला, म्हणून 1927 च्या लोकांनी त्याला ओळखीच्या हुद्द्याने हाक मारली. एका सदस्याचं म्हणणं, शेजारी दुरुस्तीचा छोटा फलक लावू.

मी विरोध केला, आणि या मतावर ठाम आहे. जुनी शिळा हाही आता इतिहासाचा कागद आहे. तिच्यावर दुरुस्त्या चिकटवायला लागलो तर बैलांपासून सुरुवात करावी लागेल. शिळेने दोन कामं चोख केली आहेत: जागा दाखवली आणि वाट जोडून ठेवली. बाकीचं सांगणं आपलं काम, कागदावर आणि तोंडी. मत मान्य झालं. फलक नाही, त्याऐवजी इंग्रजी माहितीपत्रकही मी करायचं ठरलं.

या बैठकीतली एक सूचना मात्र घेतली: आपल्या टप्प्याबद्दल सांगताना सांभाळून लिहा. नॉक्सची रोजनिशी 12 जानेवारीच्या सुमारास थांबते, म्हणजे स्प्रिंगफील्डच्या अलीकडेच. पुढचा ठोस साक्षीदार थेट फ्रेमिंगहॅमचा. 25 जानेवारी 1776 ला जॉन ॲडम्स (पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष) यांनी तिथे हा तोफखाना पाहिला आणि आपल्या रोजनिशीत तोफांची यादी उतरवून घेतली. मधला आमचा पट्टा म्हणजे पोस्ट रोड, पूर्वेकडे जाणारा तेव्हाचा हमरस्ता. तोफा अमुक दिवशी आमच्या गावातून गेल्या, असं पत्रकात लिहायचं नाही.

15 ऑक्टोबर, बुधवार

पत्रकाचा मसुदा. डावीकडे वाटेचा नकाशा, सुमारे 300 मैल, उजवीकडे घटना. घ्यायच्या गोष्टी:

हडसन नदीवरचा बर्फ. तो पुरेसा जाड नव्हता. नॉक्सच्या माणसांनी जागोजाग भोकं पाडली, आतलं पाणी वर येऊन बर्फावर पसरायचं, गोठायचं आणि थर जाड व्हायचा. तरी ऑल्बनीजवळ एक तोफ आत गेलीच. शहरातल्या लोकांनी मिळून ती वर काढली. त्याची जाण ठेवून नॉक्सने तिचं नाव 'ऑल्बनी' ठेवलं.

10 जानेवारीची नोंद: असे डोंगर चढलो की तिथून पृथ्वीवरची सगळी राज्यं दिसावीत.

वेस्टफील्डचे गावकरी. तोफ कधी पाहिलेली नव्हती, म्हणून सगळं गाव लोटलं. गाडीवानांना सायडर आणि व्हिस्की, आणि त्यांच्या हौसेखातर एक मोठी उखळी तोफ डागून दाखवली.

शेवट डॉर्चेस्टर हाइट्स या बॉस्टनलगतच्या टेकडीचा. 2 मार्चपासून दुसऱ्या बाजूंनी तोफांचा भडिमार, लक्ष तिकडे वेधायला. 4 मार्चच्या रात्री दोन हजारांवर माणसं टेकडीवर चढली. जमीन गोठलेली, खंदक खणणं अशक्य. म्हणून रूफस पुटनम यांच्या सूचनेवरून लाकडी चौकटी आधीच तयार करून नेल्या, त्यांत फांद्यांच्या मोळ्या आणि गवताचे दाबलेले भारे भरले. गाड्यांचा आवाज लपवायला वाटेवर गवत रचलं. सकाळी ब्रिटिशांना डोक्यावर मोर्चे दिसले. 17 मार्चला ब्रिटिश सेनापती जनरल हाऊची फौज जहाजांत बसून निघून गेली, तिच्यासोबत हजारावर राजनिष्ठ नागरिकही. लुसीला माहेरचं माणूस पुन्हा दिसलं नाही.

एक वेगळा रकाना मी आग्रहाने घातला: 'त्याच वेळी पुण्यात'. मार्च 1775 मध्ये रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या कौन्सिलला तो मान्य नव्हता. त्यांच्या वतीने कर्नल अप्टन पुण्याच्या कारभाऱ्यांकडे आले आणि 1 मार्च 1776 ला पुरंदरचा तह झाला. डॉर्चेस्टर हाइट्सची रात्र त्यानंतर तीन दिवसांनी. या दोन घटनांनी एकमेकींना घडवलं असा दावा करत नाही. पण बॉस्टनच्या बंदरात 1773 साली फेकलेला चहा याच ईस्ट इंडिया कंपनीचा होता, आणि 1781 मध्ये यॉर्कटाउनला अमेरिकनांना शरण गेलेले ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस 1792 साली टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेशेजारी छावणी टाकून होते. आमच्या मुलांच्या घरी दोन्ही इतिहास आहेत. ते एका पानावर शेजारी शेजारी दिसायलाच हवेत.

19 ऑक्टोबर, रविवार

दिवाळीचा किल्ला. दर वर्षी शाळेच्या अंगणात मुलं राजगड किंवा सिंधुदुर्ग करतात. या वर्षी मोठ्या गटाने शिवरायांचा किल्ला डावीकडे आणि टिकोंडरोगा उजवीकडे असे दोन मांडले. टिकोंडरोगा फ्रेंचांनी बांधलेला, चांदणीसारखे टोकदार बुरूज असलेला. एका मुलीने आल्याआल्या विचारलं, "मावशी, याला बालेकिल्ला कुठे?" शाळेच्या ताईंनी तिला समोर बसवून दोन पद्धतींतला फरक समजावला. आपले गड डोंगराचा कडा हाच तट मानतात. इथे जमीन सपाट, पाण्यालगतची, म्हणून बुरुजांचे कोन असे की एका बुरुजावरून दुसऱ्याच्या पायथ्यावर मारा करता यावा.

टिकोंडरोगाच्या पायथ्याशी निळ्या कागदाचं तळं, आणि तिथून निघालेली स्लेजची रांग. पोळ्याचे बैल मुलांनी जपून ठेवले होते, पण रांगेत पुढे घोडे लावले आणि बैल थेट शेवटी, कापसाचा बर्फ संपतो तिथे. कुणी सांगितलं नव्हतं. हिशेब त्यांनी नीट ऐकला होता.

26 ऑक्टोबर, रविवार

रात्री पारा शून्याखाली गेला. दगडाचं काम या वर्षापुरतं बंद. दगडफुलाचे बरेच चट्टे सुटलेत, उत्तरेच्या अंगाला फिकट डाग राहिलेत.

8 नोव्हेंबर, शनिवार

पत्रकं छापून आली. मुलांना आणि पालकांना घेऊन शिळेपाशी गेलो. मैलाच्या दगडापासून शिळेपर्यंत पोस्ट रोडच्या कडेने चालत. फलक मुलांनी आळीपाळीने मोठ्याने वाचला. 'टिकोंडरोगा' एका दमात.

एका आजोबांनी, मुलाकडे नागपूरहून आलेले, पत्रक उभ्या उभ्या पूर्ण वाचलं आणि विचारलं, गाडीवानांची नावं का नाहीत यात? काहींची आहेत, कागदोपत्री, पण मी जागेअभावी गाळली होती. बेकरचं नाव फक्त ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं पटलं. पुढच्या छपाईत नकाशा लहान करून 11 जानेवारीच्या ब्लँडफर्डच्या नोंदीला अर्धं पान द्यायचं, आणि जी नावं कागदांत सापडतात ती तिथे.

16 नोव्हेंबर, रविवार

वॉशिंग्टननी नॉक्सला हुकूम दिला त्याला आज 250 वर्षं.

नोंदपत्र समितीकडे सोपवलं: आधीचे आणि नंतरचे फोटो, वापरलेल्या वस्तूंची यादी, हात न लावलेल्या गोष्टी (हिरवे ओघळ, उडालेला कोपरा, बैलाच्या पायाजवळची भर). परावर्तक खांबाला हायवे खात्याने होकार दिला आहे, पहिल्या बर्फाच्या आत लावणार म्हणतात. मेणाचा पुढचा हात सप्टेंबर 2026 मध्ये, त्यानंतर दर वर्षी. ती जबाबदारी मराठी शाळेच्या मोठ्या गटाने घेतली आहे. बांबूच्या काड्या आणि ब्रश असलेली पेटी शाळेच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर.

पुढची शिळा वूस्टरच्या बाजूची. तिथे फलकाच्या वरच्या डाव्या स्क्रूला गंज दिसतोय, म्हणजे बदललेला स्क्रू ब्राँझचा नसून लोखंडी असणार. वसंतात आधी तो पाहायचा, पाणी लावायच्या आधी.